नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या आख्तरहूकमध्ये गावाबाहेर भाड्याने घर घेतोय, काय काय बघून घ्यावं?

गारवेल

नमस्कार मंडळी. आम्ही चार वर्षं ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलफेनमध्ये राहतोय, मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक. नवऱ्याला आता डेव्हेंटरला नोकरी लागली आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, मी पूर्ण वेळ घरूनच काम करते. तर म्हटलं शहरातच दुसरं खुराडं शोधण्यापेक्षा जरा शांत भागात जाऊ, लेकीला पळायला जागा मिळेल. दोन महिने शोधतोय आणि आता ब्राँकहोर्स्ट खेमेंतेत (म्हणजे तिथल्या पालिकेच्या हद्दीत) एक घर मिळालंय, फोर्डन गावापासून साधारण चार किलोमीटर बाहेर, चारी बाजूंनी शेतं. जुनं शेतघर आहे, मालक आजी-आजोबा एका बाजूला राहतात आणि जिथे पूर्वी गोठा होता त्या अर्ध्या भागाचं घर करून ते भाड्याने देतायत.

शनिवारी बघून आलो. किचनच्या खिडकीतून ओकच्या झाडांची रांग दिसते आणि त्यापलीकडे मका कापलेलं रान, आणि इतकी शांतता की लेक आपोआप कुजबुजत बोलायला लागली. मी तर तिथेच मनाने राहायला गेले.

पण आता घरी आल्यावर एकेक प्रश्न पडायला लागलेत. भाडं १,२७५ युरो सांगतायत, वीज वगैरे वेगळी. डिपॉझिट तीन महिन्यांचं. करार दोन वर्षांचा. पाइपचा गॅस नाही, मागे प्रोपेनची टाकी आहे. पत्रपेटी एकच दिसली, दोन्ही घरांना मिळून. घर ‘काल’ आहे असं जाहिरातीत लिहिलंय म्हणजे नक्की किती रिकामं? आमच्याकडे कार नाही, फोर्डनला स्टेशन आहे म्हणून धीर करतोय, तिथून झुटफेनला गाडी बदलून डेव्हेंटर. हे जमतं का रोज? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी भीती ही की तिथे आमच्याशी बोलणारं कोणी असेल का. कोणी अशा भागात राहिलं असेल तर मोकळेपणाने लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. आठ दिवसांत त्यांना हो-नाही कळवायचंय.

तळ्याकाठी

गारवेल, आम्ही सात वर्षं विंटर्सवाइकजवळ राहतोय, तुमच्याच रेल्वेलाइनच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे लिहितेच.

‘काल’ म्हणजे अक्षरशः बोडकं घर. पडदे नाहीत, दिवे नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतायत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमीनसुद्धा नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काम अर्धवट राहिलंय, तर नाही, आधीचा भाडेकरू स्वतःचं लॅमिनेट उचलून घेऊन गेला होता, खाली करडं सिमेंट आणि कडेला गोंदाचे वाळलेले ओघळ. त्या सिमेंटवर आम्ही दोन आठवडे गाद्या टाकून झोपलोय ऑक्टोबरमध्ये, तळव्यांतून थंडी वर चढते. तेव्हा तुमच्या त्या घरात आत्ता खाली जे काही आहे ते राहणार आहे का काढून नेणार आहेत हे विचारा. आधीच्या भाडेकरूकडून जमीन, पडदे थोडे पैसे देऊन ठेवून घेता येतात, त्याला ओव्हरनामे म्हणतात, पण तो व्यवहार ऐच्छिक असतो, कोणी गळ्यात मारत असेल तर मारू देऊ नका. जमीन, पडदे असलेलं घर हवं असेल तर ‘खेस्टॉफेर्ट’ असा शब्द असतो जाहिरातीत.

प्रोपेनचं म्हणाल तर टाकी कोणाची, भरायची कोणी, आणि तुम्ही आत शिरता त्या दिवशी काटा किती टक्क्यांवर आहे हे कागदावर लिहून घ्या, फोटोसकट. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे राहिलं, टाकी जवळपास रिकामी मिळाली आणि ती भरायचा खर्च आमच्याच अंगावर आला. मागच्या वर्षीचं विजेचं आणि प्रोपेनचं वार्षिक बिल बघायला मागा, खेड्यातली माणसं त्यात काही वावगं मानत नाहीत, आमच्या मालकांनी तर फाइलच पुढे ठेवली. गोठ्याचं घर केलेलं आहे म्हणताय तर छताला आणि जमिनीखाली इन्सुलेशन घातलंय का हेही विचारा. भाड्याने देताना एनर्जी लेबल (घराची ऊर्जाबचतीची श्रेणी) असावंच लागतं, ते बघा.

सांडपाणी कुठे जातं तेही विचारून ठेवा. इतक्या आतल्या घरांना कधी कधी सरकारी गटार नसतं, अंगणात स्वतःची छोटी शुद्धीकरण टाकी असते, मग तिचा उपसा कोण करणार, ती कोणाच्या खर्चाने, आणि बेसिनमध्ये काय ओतायचं नाही (फोडणीचं उरलेलं तेल तर मुळीच नाही).

रोजचा प्रवास जमतो पण अंधाराचा विचार करा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नसतात. नसतात म्हणजे एकसुद्धा नाही. नवऱ्याच्या सायकलला चांगला झगझगीत दिवा आणि अंगावर चमकणारं जॅकेट ही पहिली खरेदी. काही भागांत बुर्टबस असते, आठ सिटांची छोटी गाडी, गावातलीच रिटायर्ड मंडळी पगार न घेता चालवतात, फार प्रेमळ असतात, पण संध्याकाळी आणि रविवारी तिच्यावर विसंबू नका.

माणसांबद्दल सविस्तर लिहायचंय, रात्री लिहिते, आता मुलाला आणायला जायचंय.

दुपारपाळी

मी सल्लागार वगैरे नाही, पण गेल्या वर्षी हे सगळं स्वतःसाठी उकरून काढलंय म्हणून सांगतो. ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी खटकल्या, आणि मला वाटतं आजी-आजोबा फसवत नाहीयेत, त्यांच्याकडे कुठला तरी जुना नमुना आहे.

पहिली, दोन वर्षांचा करार. १ जुलै २०२४ पासून नवा घरभाडेकरार बेमुदतच असतो, ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे विद्यार्थी, किंवा मालक स्वतः काही काळ परदेशी जाऊन परत त्याच घरात येणार असेल, किंवा विकायला काढलेलं घर खेमेंतेच्या परवान्याने तात्पुरतं भाड्याने दिलं असेल (लेखस्टांडवेट म्हणतात त्याला, खेड्यात हे बऱ्याचदा दिसतं, त्यात तुम्हाला नेहमीचं संरक्षण नसतं हे ध्यानात ठेवा). तुमच्यात यातलं काहीच दिसत नाही. भाडं दर महिन्याला भरत असाल तर तुम्ही मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही सोडू शकता.

दुसरी, डिपॉझिट. १ जुलै २०२३ पासून जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं, बस. आणि घर सोडल्यावर काही कापायचं नसेल तर १४ दिवसांत परत, कापायचं असेल तर ३० दिवसांत हिशेबासकट.

तिसरी आणि खरी मोठी, १,२७५ हा आकडा. इथे भाडं मालकाच्या मनावर नसतं, घराला पॉइंट असतात. १४३ पर्यंत सोशल, १४४ ते १८६ मधला गट, १८७ पासून पुढे मोकळा बाजार, म्हणजे भाड्याला वरची मर्यादा नाही. २०२५ साली मधल्या गटाची वरची मर्यादा १,१८४.८२ युरो होती. म्हणजे १,२७५ मागायचे तर घराचे १८७ पॉइंट भरायला हवेत. आता गंमत बघा, पॉइंटांत घराची सरकारी किंमतसुद्धा धरतात आणि शहराच्या मानाने खेड्यात ती कमी असते, त्यामुळे तेवढंच घर ॲमस्टरडॅममध्ये मोकळ्या बाजारात जाईल आणि शेताच्या बांधावर मधल्या गटात पडेल. १ जानेवारी २०२५ पासून नव्या कराराबरोबर पॉइंटांचा तक्ता, पुंटनटेलिंग, देणं मालकावर बंधनकारक आहे. तो मागा. आणि स्वतःही मोजा, ह्यूरकॉमिसी म्हणजे भाड्याचे वाद सोडवणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे. टेप घेऊन जा. खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक पॉइंट, कोठीघरासारख्या जागेला पाऊण. किचनचा ओटा एक ते दोन मीटर असेल तर ४ आणि दोन मीटरच्या वर गेला की ७, तेव्हा ओटा नीट मोजा. लेबल ई, एफ किंवा जी असेल तर पॉइंट उलटे वजा होतात.

सही करून बसलात तरी पहिल्या सहा महिन्यांत ह्यूरकॉमिसीकडे सुरुवातीचं भाडं तपासून घेता येतं, भाडेकरूला फी २५ युरो, तुमच्या बाजूने निकाल लागला तर परत मिळते. पण शेजारीच राहायचंय त्या माणसांशी, आधी बोलून सुटलं तर तेच बरं.

आणि हो, ती एकच पत्रपेटी. कडास्टरचा, म्हणजे सरकारी जमीन-नोंदणी खात्याचा, बाख फ्यूअर म्हणून मोफत नकाशा आहे, त्यात पत्ता टाका. तुमच्या भागाला स्वतंत्र नंबर आहे का, म्हणजे १४ आणि १४ अ असं काही, आणि त्यापुढे ‘वोनफुंक्सी’ (राहण्यासाठी वापर) लिहिलंय का बघा. स्वतंत्र दार, स्वतःचं किचन, स्वतःचं टॉयलेट असेल तर ते स्वतंत्र घर. यातलं काही मालकांबरोबर सामायिक असेल तर ते खोलीत मोडतं, पॉइंटांची पद्धत वेगळी, आणि मालक त्याच घरात राहतो म्हणून पहिल्या नऊ महिन्यांत तुम्हाला सहज जायला सांगू शकतो. तेव्हा हे आधी.

चिंचपान

दुपारपाळींनी सगळं लिहिलंच आहे. माझी भर एवढीच की काहीही पैसे पाठवायच्या आधी कडास्टरवर थोडेच युरो भरून मालकीचा उतारा काढा, नाव जुळतंय का बघा. बघून आलात, माणसं भेटली, चांगलं आहे, तरी काढा. आणि मालकाने नेमलेला माकेलार (घरांचा दलाल) मधे असेल तर त्याची फी तुम्ही द्यायची नसते, ‘कराराचा खर्च’ म्हणून मागितली तरी नाही.

पाणथळ

दुपारपाळींनी लिहिलेला तो वोनफुंक्सीचा मुद्दा प्लीज हलक्यात घेऊ नका, आम्ही त्यातच अडकलो होतो. कुठे ते लिहीत नाही, वेलुवेच्या जंगलपट्ट्याच्या बाजूला एवढंच सांगते. जंगलाच्या कडेला सुंदर लाकडी घर, भाडं कमी, मालक म्हणाला इथे सगळेच बारा महिने राहतात. ते घर हॉलिडे पार्कमधलं होतं, रेक्रियासीवोनिंग, म्हणजे सुट्टीपुरतं राहायचं. आम्हाला शंका आली होती, म्हणून नवरा खेमेंतेत गेला पत्ता नोंदवायला, आणि नोंदणी झाली की! आम्ही निर्धास्त. आम्हाला काय माहीत की खेमेंते तुम्ही प्रत्यक्ष जिथे राहता तो पत्ता नोंदवून घेतेच, ते त्यांचं कामच आहे, पण नोंदणी झाली म्हणजे तिथे राहायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती दोन खाती वेगळी. चार महिन्यांनी दुसऱ्या खात्याचं पत्र, की इथे कायमस्वरूपी राहणं नियमात बसत नाही, अमुक तारखेपर्यंत जागा सोडा नाहीतर दंड, आणि दंड एकदाच नाही तर ठरावीक काळाने वाढत जाणारा. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. पत्र डच भाषेत, गूगलने भाषांतर केलं ते तीनदा वाचलं मी, वाटलं भाषांतर चुकलंय.

मालकाने हात वर केले. सहा आठवड्यांत घर शोधलं आम्ही, कसं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

आणि उलटं, जो मालक ‘इथे नोंदणी करू नका’ म्हणतो त्याच्या दारातूनच परत फिरा. नोंदणीशिवाय सरकारी पत्र, हाउसआर्ट्स (फॅमिली डॉक्टर), मुलीची शाळा, सगळंच अवघड होऊन बसतं.

गारवेल

बापरे, पाणथळ, वाचूनच अंगावर काटा आला. तुम्ही आणि बाळ आता ठीक ना?

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच नकाशा बघितला, आमच्या भागाला वेगळा नंबर आहे, मूळ नंबरापुढे ए लागलेला, आणि वोनफुंक्सी लिहिलंय. एवढं बघूनच अर्धा जीव भांड्यात पडला. दार, किचन, बाथरूम सगळं स्वतंत्र आहे, फक्त पत्रपेटी आणि मागचं अंगण सामायिक. करार आणि डिपॉझिटबद्दल आजींशी कसं बोलायचं तेच सुचत नाहीये, त्यांनी आम्हाला सफरचंदाचा केक खाऊ घातलाय हो, आणि आता मी नियम दाखवायचे?

पाणथळ

ठीक आहोत, मुलगी दोन वर्षांची झाली. आता एप गावाच्या जवळ साध्या रो-हाउसमध्ये आहोत, खूप सुखात.

ओसरी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. आम्ही ड्रेंट प्रांतात एका खेड्यात चौदा महिने राहिलो आणि परत शहरात आलो. घर उत्तम होतं, मालक सज्जन, भाडं योग्य. पण मी एकटी पडले. नवरा सकाळी सातला जायचा, मुलं नाहीत, माझी नोकरी नाही, डच येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी दिवसात एकाच माणसाशी बोलत होते आणि तो संध्याकाळी थकून आलेला असायचा. लोक वाईट नव्हते, हात करायचे, हवेबद्दल बोलायचे, पण त्यांना वाटायचं ही बोलत नाही म्हणजे हिला एकटं राहायचंय, आणि मला वाटायचं यांना मी नकोय. दोन्ही बाजूंनी शांतता.

लायब्ररीत दर आठवड्याला भाषेच्या गप्पांचा गट भरतो, मोफत, चहा-कॉफी मिळते, हे मला तिथून निघायच्या महिन्यात कळलं. ज्या बाई तो चालवायच्या त्या माझ्या घरापासून तीन घरं सोडून राहत होत्या. चौदा महिने!

गारवेल, तुझं काम घरून आहे म्हणजे तू दिवसभर घरातच. जायच्या आधीच त्या गटाची वेळ शोधून ठेव आणि पहिल्याच आठवड्यात जा. घर लागल्यावर जाऊ म्हणशील तर घर कधीच लागत नसतं. आणि गाडी चालवायचं काहीतरी बघाच, पावसात लेकीला ताप आला तर सायकलवर कुठे नेणार.

दुपारपाळी

ओसरींचा गाडीचा मुद्दा बरोबर. भारतातलं लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं, तुमचं ते केव्हाच संपलं असणार. पण नवऱ्याला ३० टक्क्यांची सवलत (परदेशातून नोकरीला आणलेल्यांना मिळणारी आयकराची सवलत) मिळाली असेल तर परीक्षा न देता खेमेंतेत लायसन्स बदलून मिळतं, आणि त्याच पत्त्यावर राहणाऱ्या बायकोलासुद्धा. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ड्रायव्हिंग स्कूलला रग्गड पैसे देत बसतात. नोकरी बदलल्यावर सवलत पुढे चालू राहिलीय ना तेवढं बघून घ्या.

आजींशी बोलायचं म्हणाल तर डच माणसाला सरळ बोललेलं आवडतं. ‘आम्हाला हे घर फार आवडलंय, आणि आम्हाला सगळं नीट नियमात करायचंय, पुंटनटेलिंग बघू या का’ एवढंच म्हणा. त्यात अपमान काही नाही. उलट पुढे दंड त्यांनाच होऊ शकतो, जानेवारी २०२५ पासून खेमेंते यावर कारवाई करू शकते.

तळ्याकाठी

काल रात्री लिहिणार होते, राहून गेलं. ओसरी, तुमचं वाचून फार वाईट वाटलं कारण आमचे पहिले दोन महिने अगदी असेच होते, आणि चूक कोणाचीच नव्हती, फक्त रीत माहीत नव्हती.

आख्तरहूकमध्ये, ट्वेंटमध्ये, तुमच्या ड्रेंटमध्येसुद्धा, ‘नोआबर’ म्हणून एक शब्द आहे. शेजारी, पण नुसता शेजारी नाही, कर्तव्यातला शेजारी. लग्न, बाळंतपण, आजारपण, मयत, सगळ्यात आसपासच्या ठरलेल्या घरांनी धावून जायचं, कोणी बोलवायची वाट न बघता. पण नव्याने आलेल्यांनी आधी स्वतः ओळख करून द्यायची असते, शेजाऱ्यांना कॉफीला बोलवायचं असतं. आम्ही आपले वाट बघत बसलो की कोणीतरी येईल, आणि ते वाट बघत बसले की आम्ही बोलवू. शेवटी आमच्या मालकीणबाईंनीच हळूच सांगितलं. पाच घरांना बोलावलं, सकाळी दहाला सगळे एकदम आले, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही, आणि जाताना एका आजोबांनी कागदावर आमच्या घराभोवतीच्या सगळ्या घरांचा नकाशा काढून दिला, कोण कुठे राहतं, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाकडे अंडी मिळतात, रात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातून घरी येतो तर अंगणात माणसाच्या उंचीचा लाकडी करकोचा उभा, चोचीत बोचकं, त्यावर मुलाचं नाव रंगवलेलं, नाव किंचित चुकलेलं. दुसऱ्या दिवशी दोघं जण एक लांबलचक मनुकांचा पाव फळीवर ठेवून घेऊन आले, क्रेंटनवेखे म्हणतात, तो बाळंतिणीच्या घरी न्यायची पद्धतच आहे. माझी आई व्हिसासाठी अडकलेली, येऊ शकली नव्हती. मी त्या करकोच्याकडे बघून जी रडले ती रडले.

पण हे दोन्हीकडून असतं हं. कोणाकडे मयत झाली तर आपण जायचं, कोणाची गाय सुटली तर रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडायचं. पहिल्या वर्षी नाताळात शेजारच्या आजींच्या घरी पाणी शिरलं तर आम्ही दोघं बादल्या घेऊन गेलो, भाषा येत नव्हती, बादलीला भाषा लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्यातले झालो असं मला वाटतं.

बाकी बारीकसारीक: फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात शेणाचा काला सोडतात, तेव्हा बाहेर कपडे वाळत घालू नका, वास आठ दिवस जात नाही. ३१ डिसेंबरला दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये कार्बाइड घालून धडाम धडाम उडवतात, तुमची लेक घाबरेल, आधी सांगून ठेवा. हाउसआर्ट्स नवीन पेशंट घेतात का हे सही करायच्या आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी यादी भरलेली असते. लेक चार वर्षांची झाली की शाळा, तोपर्यंत पेउटरओपफांगला (शाळेआधीची बालवाडी) घाला, आणि लहान मुलांच्या तपासणी केंद्रात सांगा की घरी डच बोलत नाही, ते पत्र देतात, मग जास्त तास मिळतात आणि खर्च कमी. आमचा मुलगा गावच्या शाळेत आहे, पूर्ण शाळा मिळून नव्वद मुलं, बाईंना प्रत्येकाच्या आजीचं नाव माहीत.

ओसरी

तळ्याकाठी, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. वाचून ठेवलं. आमच्याकडे फक्त मी एकदा लाडू घेऊन गेले होते शेजारी, त्यांनी दारातच घेतले, थँक्यू म्हणाले, आणि मी परत आले. आता कळतंय की त्यांनी मला आत बोलवायची नाही, मीच त्यांना माझ्याकडे बोलवायची रीत होती.

गारवेल

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितेय, कळवायला हवंच होतं.

परवाच्या शनिवारी पुन्हा गेलो, टेप घेऊन. मी दुपारपाळींनी सांगितलं तसंच म्हणाले, आजोबा म्हणाले पुंटनटेलिंग म्हणजे काय ते आम्हालाच माहीत नाही, भाच्याने इंटरनेटवरून करार उतरवून दिला होता. मग चौघांनी मिळून मोजलं. आजोबा टेपचं एक टोक धरून, मी दुसरं, नवरा लिहून घेतोय आणि आजी सांगतायत की इथे बारा गाई उभ्या असायच्या, ही खिडकी म्हणजे चारा टाकायची जागा. ओटा दोन मीटर दहा भरला. लेबल सी आहे, छताला इन्सुलेशन २०१९ ला घातलंय, त्याचं बिल दाखवलं. सगळं कॅल्क्युलेटरमध्ये भरलं आणि १७८ आले.

एकदम शांतता पसरली. मला वाटलं संपलं आता. आजोबांना भाड्यापेक्षा बेमुदत कराराची काळजी जास्त होती, त्यांचा मुलगा कधी ना कधी परत येईल असं त्यांच्या मनात आहे, आणि ते मला समजत होतं, त्यांचं आख्खं आयुष्य त्या छपराखाली गेलंय. त्यांनी दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मी कसे काढले मलाच माहीत. सोमवारी संध्याकाळी आजींचा फोन आला, म्हणाल्या मुलाशी बोललो, तो यायचा तेव्हा येईल, त्याच्यासाठी घर रिकामं ठेवून आम्हालाच रात्री दिवा दिसत नाही समोर. भाडं १,१०० ठरलं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, करार बेमुदत, तक्ता जोडलेला. जमीन आहे ती तशीच राहणार आहे. प्रोपेनची टाकी ४० टक्क्यांवर, फोटो काढला, करारात लिहिलं. गटाराची लाइन आहे. फोर्डनचे हाउसआर्ट्स नवीन पेशंट घेतायत, फोन केला. नवऱ्याची सवलत नव्या नोकरीत चालू आहे म्हणून दोघांच्या लायसन्सचं मी लगेच हातात घेतेय. ओसरी, झुटफेनच्या लायब्ररीचा नंबर काढलाय, उद्या वेळ विचारते.

एक तारखेला जातोय. तळ्याकाठी, एकच विचारायचं राहिलं, कॉफीला नक्की किती घरांना बोलवायचं? कोणी सुटलं तर वाईट दिसेल.

तळ्याकाठी

किती छान! आजींनाच विचार तुमचे नोआबर कोण कोण, प्रत्येक शेतघराचे ठरलेले असतात, पिढ्यान्‌पिढ्या, अंतरावर नसतं ते. कधी समोरचं घर त्यात नसतं आणि अर्ध्या किलोमीटरवरचं असतं. त्या सांगतील तेवढ्यांच्या दारात स्वतः जाऊन बोलव, फोनवर नको, लेकीला बरोबर घे. शनिवार सकाळ, दहा. कपबशा कमी पडल्या तर आजींकडून आण, त्यांना बरंच वाटेल. आणि दाराबाहेर बूट काढायला जागा मोकळी ठेव, सगळे चिखलाचे येतील.